चादरीखालचा गालिचा

दवाखान्यात माझ्या शेजारी दोन आजी बोलत होत्या.

“नातीचा खोकला कसा आहे हो?”

“पळाला! अहो, गालिच्यातच दडून बसला होता.”

“गालिचा तर तुम्ही जिवापाड जपता. वर चादर घालून!”

“तिथंच तर चुकलं. दर रविवारी चादर धुवायची, आणि खालचा गालिचा सहा वर्षं तस्साच.”

“अगं बाई!”

“शेवटी ह्यांनी तो गच्चीत दोरीवर टाकून बदडला. एवढी धूळ उडाली, की हेच दिसेनासे झाले. आता दर रविवारी तेच.”

“मग आज इथं कशाला?”

“ह्यांचा खांदा धरलाय.”

पलीकडून आजोबा म्हणाले, “धरू दे. काल नातीनं त्याच गालिच्यावर दहा कोलांट्या मारल्या. एकदाही खोकली नाही.”