हौदाची ओटी

पुढे बसलेल्या बाळगोपाळांनो, जरा डोळे मिटा बघू! मोठ्यांनी नाही हं — तुम्ही मिटलेत की घोरायला लागता, माझा जुना अनुभव आहे! फक्त पोरांनी. मिटले? आता समजा, तुमच्यासमोर पाणी आहे. तुमच्या डोक्याहून खोल. पाणी कसं? ताकासारखं पांढरट. आत हात घातला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. आणि त्या पाण्यात, अगदी तळाशी, तुमचं कुणीतरी आहे की नाही — तेच तुम्हाला कळत नाही!

उघडा डोळे. काय झालं पोटात? गोळा आला ना? आला! ती बघा, त्या परकरवालीनं आईचा पदर धरला. धर बाळ, धर. लाजू नकोस.

मंडळी, रोज इथं उभा राहून मी सांगतो, निर्भय व्हा. आज उलटा प्रश्न विचारतो. ही भीती — ही देवानं दिली कशाला? चुकून दिली? ज्याला भीती वाटते तो भित्रा, असं आपण चटकन म्हणून मोकळे होतो. मग खरा भित्रा कोण? घाई करू नका उत्तराची. आधी गोष्ट ऐका.

डोंगरापलीकडे हिरवडगाव नावाचं एक गाव. तिथं विलास घुले नावाचा कष्टाळू गडी. आल्याची शेती, दोन म्हशी, आणि शहरातल्या लोकांना राहायला मळ्यात बांधलेल्या चार खोल्या. हल्ली शहरची माणसं चुलीवरची भाकरी खायला गाडी करून येतात! आणि आपण? आपण त्यांच्याकडे पावभाजी खायला जातो. चालायचंच!

तर पाहुणे विचारायला लागले — पोरांना डुंबायला काही आहे का? विलासनं आणला एक हौद. खोदायचा नव्हे बरं का. मोठ्या खोक्यातून आलेला, जमिनीवर उभा करायचा! गोल लोखंडी सांगाडा, आत जाड निळं प्लास्टिक, बाहेरून चढायला आणि आत उतरायला एक शिडी.

विलासची पोरगी भार्गवी. वय वर्षं नऊ. डोळे हे एवढे मोठे! तालुक्याहून जमीर मिस्त्री हौद बसवायला आले, तर ही त्यांच्या मागं-मागं. मिस्त्रीही असे भले माणूस, की पोरीला सगळं समजावत काम करायचे.

"भार्गवीबेटा, आधी काय करायचं?"

"खडे वेचायचे."

"का?"

"एक खडा राहिला तर प्लास्टिक फाटतं."

"शाब्बास!"

दोघांनी मिळून खडे वेचले. नळीत पाणी भरून जमीन समतल आहे का पाहिलं, कारण जमीन तिरकी असली तर सगळं पाणी एका अंगाला रेटा देतं आणि सांगाडा कलंडतो. मग बारीक रेती, त्यावर जुन्या सतरंज्या. प्लास्टिक उन्हात पसरून मऊ केलं. अनवाणी पायानं चुण्या मोडल्या. विहिरीचं पाणी सोडलं — दीड दिवस भरत होतं! पाणी गाळायचं यंत्र लावलं. हौदाच्या भिंतीत खालच्या बाजूला एक जाळीचं तोंड, तिथून पाणी ओढायचं, गाळायचं, पुन्हा हौदात सोडायचं. आणि जंतू मारायची पावडर! ती कशी घालायची, पोरांनो? मोठ्या माणसानंच घालायची. बादलीत आधी पाणी, मग पावडर. पावडरीवर पाणी ओतलं तर? भडका उडतो, डोळे जातात! लक्षात ठेवा.

जाताना मिस्त्री विलासला म्हणाले, "विलासराव, दोनच गोष्टी सांभाळा. तळ स्वच्छ दिसल्याशिवाय कुणाला उतरू द्यायचं नाही. आणि हौदापाशी मोठं माणूस नसलं, की शिडी काढून ठेवायची."

विलास म्हणाला, "हो हो, ते काय!" — म्हणजे ऐकलंच नाही. आपण बायकोला म्हणतो ना, "हो हो", अगदी तसं! पण भार्गवीनं ऐकलं. तिला तसंही पाण्याचं फार भय. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभं राहून आत डोकावलं तरी पोटऱ्या थरथरायच्या.

गुरुवार उजाडला. शुक्रवारी सकाळी पाहुणे येणार. पाणी कसं झालं होतं? आरशासारखं! तळाशी पडलेलं बाभळीचं पान दिसत होतं. आणि तेवढ्यात आल्या वत्सलाआत्या. विलासची थोरली बहीण. देवभोळी, प्रेमळ, पण आवाज असा की आमचे पखवाजवाले बुवा लाजतील.

"विलास! नव्या पाण्याला पाय लावायच्या आधी ओटी भरलीस का रे?"

"अक्का, हा हौद आहे. विहीर नाही."

"पाणी ते पाणी! आपल्या घरात विहिरीचं पहिलं पाणीसुद्धा ओटी भरल्याशिवाय कुणी प्यालं नाही. उद्या परक्यांची लेकरं उतरणार. काही झालं तर?"

काही झालं तर! बघा हं मंडळी, भीती आत्यालाही होती. भीतीपोटीच सगळं चाललं होतं. शिडीवर चढून आत्यांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फुलं वाहिली. मूठमूठ तांदूळ. नारळ सोडला, तो डुलायला लागला. म्हशीच्या दुधाची दहा लिटरची किटली — अख्खी! — धार धरून ओतली. आणि शेवटी चोळीचा लाल खण उलगडून पाण्यावर सोडला. हात जोडले. "माये, सांभाळ लेकरांना."

भाव खोटा होता का? मुळीच नाही! मी कीर्तनकार, मी कशाला पूजेला नावं ठेवू? पण काठावर पाट मांडून कलश पुजला असता, तर देवी रागावली असती का? ती काय मोजून दूध घेते?

दहा मिनिटांत पाण्याचा रंग गेला. पिवळट पांढरं झालं. नारळ तेवढा वर, खाली काही दिसेना. खण तरंगत तरंगत कडेला गेला, भिजून जड झाला आणि हळूच बुडाला. कुणाचं लक्ष नव्हतं. भार्गवीचं होतं. ती दुपारपर्यंत चार वेळा येऊन बघून गेली. यंत्र घुं घुं करतंय, पण पाणी काही निवळेना. आणि शिडी? पूजेला लावलेली शिडी तशीच उभी!

ती आत्यांकडे गेली. "आत्या, शिडी काढायची राहिली. मिस्त्रीकाका म्हणाले होते..."

आत्या हसल्या. "अगं भित्री भागूबाई! पाण्याला घाबरतेस ते घाबरतेस, आता शिडीलाही घाबरायला लागलीस?"

बाबा हसले. आई हसली. हसण्यात विष नव्हतं हो, घरातलंच हसू ते. पण पोरीचे कान लाल झाले. पुढचं वाक्य तिनं गिळलं. "तळ दिसत नाहीये" — हे शब्द जिभेवर आले होते. गिळले! घास गिळावा तसे.

जेवणं झाली. मोठी माणसं जरा लवंडली. आई भांड्यांना बसली. भार्गवी ओसरीवर चित्र काढत होती. आणि एकाएकी तिला जाणवलं — फार शांत आहे. घर एवढं शांत का?

नाथू कुठाय?

नाथू तिचा धाकटा भाऊ. चार वर्षांचा. ते पोर जागं असलं की शेजारच्या मळ्यात कळायचं! सकाळपासून त्याचं एकच — "मना नालळ पायजे!" पाण्यातला नारळ त्याला हवा होता.

खोलीत पाहिलं. नाही. गोठ्यात पाहिलं. नाही. "नाथू? नाथूऽ!" ओ नाही.

मग ती हौदाकडे वळली. पाय पुढे जाईनात हो. बारा पावलांची वाट! शिडीच्या पायथ्याशी एक इवलीशी चप्पल. एकच. दुसरी पहिल्या पायरीवर.

आणि पाण्यात नारळ हलत होता.

मंडळी, वारा नव्हता त्या दुपारी. पान हलत नव्हतं. मग नारळ का हलत होता?

ती शिडी चढली. जिला दुसऱ्या पायरीवर कापरं भरायचं, ती शेवटच्या पायरीवर गेली. वाकून पाहिलं. पांढरं. नुसतं पांढरं! दोन हातांवर तळ, आणि त्या तळाची काही खबर नाही. भाऊ तिथं आहे? नाही? पाणी बोलेना. आमची आपली एक साधी ओळ आहे, टाळकरी, जरा हळू धरा —

*पाणी ओळखी ना कोणा,*
*लहान-थोर, रंक-राणा!*

उडी मारावी? तिला पोहता येत नव्हतं. ऐका रे पोरांनो, कान इकडे! पोहता येत नसताना वाचवायला उडी मारली तर बुडणारे एकाचे दोन होतात. ओरडायचं! पण तिचा आवाज फुटेना. जणू दुपारी गिळलेले शब्द घशातच अडकून बसले होते. एकदा तोंड उघडलं, हवाच आली. दुसऱ्यांदा उघडलं —

"बाबाऽऽऽ! नाथूऽऽ पाण्यातऽऽ!"

विलास आला तो कपड्यांनिशी, शिडी न बघता, कडेवरून थेट आत! छातीएवढं पाणी. डोळे उघडून बुडी मारली, वर आला. "दिसत नाही! काही दिसत नाही!" मग पायांनी चाचपायला लागला. बाप आपल्या लेकराला पायांनी शोधतोय हो! एकेक पाऊल. इकडे आई हौदाची कड धरून उभी. आत्यांनी पदर तोंडात कोंबला. एक फेरी झाली. दुसरी झाली.

आणि विलास थबकला.

"पायाला... पायाला कापड लागलं."

नाथूच्या अंगात काय होतं? लाल सदरा. विलासनं खाली हात घातला, ओढलं. पाण्यातून वर काय आलं? लाल! लाल कापडाचं टोक! आईनं किंकाळी फोडली. विलास ओढतोय — येईना! खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं! "सुटत नाही! अगं सुटत नाही!"

घुं, घुं, घुं, यंत्र चालू. भार्गवीला एकदम मिस्त्रींचं बोलणं उमगलं. तोंड पाणी ओढतं! ती शिडीवरून उतरली, कोरड्या ओसरीवर धावली आणि भिंतीवरचं बटण खाली केलं. घुं... थांबलं. विलासच्या हाताला हिसका बसला, कापड सुटलं, वर आलं —

चोळीचा खण.

नुसता खण! जाळीच्या तोंडावर जाऊन बसला होता सकाळपासून. म्हणून पाणी निवळत नव्हतं. पण मग पोर कुठाय? विलास पुन्हा बुडी मारणार, तोच मागून आवाज —

"बाबा, मना पन पोवायचं!"

हौद ज्या खोक्यातून आला होता ना, ते मोठं पुठ्ठ्याचं खोकं पडवीत पडलं होतं. नाथूमहाराज शिडीच्या पहिल्या पायरीवर चढले होते, लांबून काठीनं नारळ ढोसला, तो हाती येईना, कंटाळले, आणि अनवाणीच जाऊन खोक्यात झोपले! नारळ हलत होता तो यंत्रातून परत येणाऱ्या पाण्यानं! उठले ते डोळे चोळत. आईनं आधी एक धपाटा घातला, मग छातीशी धरलं, मग रडली. क्रम हाच असतो आयांचा!

सुटलात ना? श्वास सोडलात! मी इथून ऐकला.

पण पोरगी बघा आमची. सगळे हसताहेत, रडताहेत, आणि भार्गवी ओसरीच्या खांबाला पाठ लावून बसलेली. विलास निथळत तिच्यापाशी आला.

"काय गं बाळा?"

"बाबा, मला आधीच दिसलं होतं. शिडी, पाणी, सगळं. मी बोलले नाही."

"का गं नाही बोललीस?"

"तुम्ही हसलात."

आत्या जवळच होत्या. उठल्या, शिडी काढली आणि गोठ्यामागं नेऊन ठेवली.

गोष्ट संपली असं वाटलं? नाही मंडळी. संकट टळलं की माणसाचा विसर किती लवकर येतो, ते आता बघा. यंत्र रातभर चाललं. सकाळी पाणी बरंच निवळलं होतं, पण तळ? धुक्यातल्या झाडासारखा. आहे-नाही, आहे-नाही. आणि दारात दोन गाड्या! अकरा पाहुणे, त्यात पाच पोरं, पोहायचे कपडे घालूनच उतरलेली. पोरं हौदाभोवती नाचायला लागली.

पोरांचे वडील हसत म्हणाले, "विलासराव, शिडी कुठाय? आठ दिवस झाले, पोरांनी डोकं खाल्लंय माझं. लावा की!"

विलास म्हणाला, "साहेब, पाणी अजून जरा..."

"अहो, नदीत पोहलोय आम्ही लहानपणी! एवढ्याशा गढूळ पाण्याला काय भ्यायचं?"

पाहुणा म्हणजे देव. देवाला नाही कसं म्हणायचं? विलासनं मान खाली घातली. आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी दुसरीकडे पाहिलं. ज्या माणसानं कालच त्या पाण्यात लेकरू पायांनी शोधलं, तो माणूस गोठ्याकडे निघाला — शिडी आणायला!

थांबतो इथं. आता मला सांगा, भित्रा कोण? पाण्याला भ्याली ती, की पाहुण्याच्या नाराजीला भ्याला तो? मी विलासला हसत नाही हो. विलास इथंच बसलाय. या खांबापाशी बसलाय, त्या सतरंजीवर बसलाय, इथं वीणेपाशीही उभा आहे! "लोक काय म्हणतील" या भयापायी आपण किती वेळा अशी शिडी आणायला निघालो, आठवा. आणि घरातलं लेकरू जेव्हा म्हणतं, "मला भीती वाटते", तेव्हा तुम्ही काय करता? हसता? की खाली बसून विचारता — कशाची रे बाळा, दाखव मला? आज घरी जाऊन एवढं एक विचारा. देवानं भीती चुकून नाही दिली. दारावर राखणीला ठेवलीय ती. राखणदार ओरडला, की त्याला हसून झोपवायचं असतं का?

आणि बाळगोपाळांनो, तुमची भार्गवी? तिचे कान लाल झाले होते. समोर अकरा परके, आणि त्यातलं कुणीतरी हसणार हे तिला ठाऊक होतं. ती ओसरीवरून उतरली. हौद आणि पाहुण्यांच्या मधे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरले, आणि सगळ्या मळ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली —

"काका, थांबा! मला भीती वाटते!"