व्हर्नाची पाच मिनिटं

(ॲरिझोनातलं एक शुश्रूषागृह. लायल पलंगावर उशीला टेकून; त्याची बायको व्हर्ना चष्मा लावून कागद वाचतेय.)

व्हर्ना : आणि हा ड्वाइट मध्येच कुठून उगवला?

लायल : कुठे?

व्हर्ना : हे काय! 'मला बोलता आलं नाही, तर उपचारांचे सगळे निर्णय माझे मित्र ड्वाइट घेतील.' एक्केचाळीस वर्षं तुझं पथ्यपाणी मी सांभाळलं आणि निर्णय ड्वाइट घेणार? त्याला धड स्वतःचे मोजे निवडता येत नाहीत!

लायल : अगं, आमच्या मेल्यावर देह गोठवून घेणाऱ्यांच्यात सगळे असंच करतात. घरचं माणूस ऐन वेळी कच खातं. एकाच्या बायकोनं तर बर्फवाल्यांना दारातूनच परत पाठवलं. बिचाऱ्याला चक्क पुरलं.

व्हर्ना : बिचारा म्हणे! मी कधी आडवी आले का रे? नेब्रास्का सोडून या भट्टीत आले, ती काय निवडुंग बघायला? तुला पुन्हा उठवेपर्यंत गोठवून ठेवायची ती टाकी इथून दहा मिनिटांवर, म्हणूनच ना?

लायल : आलीस गं. पण एक गोष्ट तुला जमायची नाही.

व्हर्ना : कुठली?

लायल : डॉक्टर 'गेला' म्हणाले, की बर्फवाले आत येणार. तू हात सोडून उठायचं. तिथल्या तिथे.

व्हर्ना : छे! पाच मिनिटं तरी बसेन मी तुझ्याजवळ. आईजवळ तर तासभर बसले होते.

लायल : बघ! म्हणून ड्वाइट.

व्हर्ना : पाच मिनिटांनी असं काय आभाळ कोसळतंय?

लायल : रक्त थांबलं की मेंदू बिघडायला लागतो. आठवणीतलं काय काय पुसलं जाईल, कुणालाच सांगता येत नाही.

व्हर्ना : जाऊन जाऊन काय जाईल? पाढे?

लायल : पाढे जाऊ देत. तू गेलीस तर? दोनशे वर्षांनी मला उठवलं, तर करू काय मी उठून?

व्हर्ना : वेडा रे वेडा! मी थोडीच असणार तिथे? मी आईशेजारी, मातीत.

लायल : तेच तर. निदान आठवायला तरी हवीस ना.

व्हर्ना : ...पेन दे इकडे. ड्वाइटला खोडते.

लायल : खाडाखोड चालत नाही. नवा कागद लागेल, दोन साक्षीदार लागतील.

व्हर्ना : मग मागव नवा. माझं नाव घाल. उठेन मी. रडत उठेन, पण उठेन.

लायल : नक्की?

व्हर्ना : नक्की. आता सरक जरा, आणि हात दे. माझी पाच मिनिटं मला आत्ताच हवीत.