नव्या कॅरॅव्हॅनचा गृहप्रवेश

चाकांवरच्या घराचाही गृहप्रवेश करायचा असतो, हे मला माझ्या बायकोनं शिकवलं. डिसेंबरच्या एका सकाळी आम्ही अजमानच्या यार्डात नवी कॅरॅव्हॅन न्यायला गेलो. मी आत पाय टाकणार, तेवढ्यात ही ओरडली, "अहो, चपला बाहेर!"

"अगं, गाडी आहे ती."

"आत गॅस आहे, पलंग आहे. मग घरच ना?"

आम्ही दोघांनी आणि लेकीनं दाराशी चपला ओळीत काढल्या. आत हळदकुंकू वाहिलं, बाहेर चाकापुढे नारळ फोडला. यार्डातला पठाण शांतपणे बघत होता. खोबरं खाऊन म्हणाला, "यल्ला साब, निकलो."

गाडीमागे एवढं धूड मी पहिल्यांदाच ओढत होतो. सगळा जीव आरशात. वाटेत लेक म्हणाली, "बाबा, माय फीट आर फ्रीझिंग." मी हीटर लावला.

दुबईत ऊद मेथाला आमच्या बिल्डिंगखाली उतरलो, गार फरशी लागली आणि तिघांनी एकदमच खाली पाहिलं.

मी यार्डात फोन लावला. "खानसाब, हमारी चप्पल?"

"वहीं है साब, दरवाजे के सामने," पठाण म्हणाला. "सिर्फ दरवाजा आप ले गए."