बाळाचे गार पाय

थंडीचं काय घेऊन बसलात, माझी मुलगी झाली त्या सकाळचं ऐका. दिवस भरायच्या आतच जन्मली, एवढासा जीव. बायको सिझरनंतर गुंगीत. बाळाला शहाद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला तिकडून ॲम्ब्युलन्स निघालेली, ती पोचायच्या आतच इथलं बाळाला ऊब देणारं मशीन बंद पडलं.

नर्सबाईंनी बाळाच्या तळपायाला हात लावला आणि माझ्याकडे वळल्या.

“कुडची काढ.”

“मी? शर्ट?”

“मंग काय मी काढू? तुन्हं आंग गरम शे, तिन्हं थंडं पडी ऱ्हायनं. लवकर!”

सासूबाईंसमोर उघडा झालो. बाईंनी बाळ माझ्या छातीवर ठेवलं, वरून गोधडी गुंडाळली. पोटाला तिचे पाय असे गार लागले, की माझ्याच अंगावर काटा आला. ती रडेना, हलेना. मी श्वास रोखून तिचा श्वास ऐकत बसलो.

तिचा गारवा लागायचा कधी थांबला, कळलंच नाही. एकदम पोटावरून काहीतरी कोमट ओघळलं.

“बाई, मुतनी!”

बाईंनी गोधडीत हात घातला. “आते पाय गरम शेतस.”

तेव्हा कुठे पोरीनं टाहो फोडला. आणि तिच्याहून मोठ्यानं सासूबाईंनी.