लिंबाखालचा हौशा

…तर खांदा कशानं सुजला ते मला नका इचारू. नानासाहेबाला इचारा. नाय, त्यालाबी नका इचारू, तो मीठमसाला लावून सांगतो. मीच सांगतो.

तुम्हाला सांगतो, आमच्या गावात पोळ्याला वेशीत तोरण बांधतात, अन् त्याच्याखालून जो पहिला जातो तो मानाचा बैल. तो मान आमच्या घरचा, आज्यापासूनचा. आमचा शेवटचा बैल हौशा, म्हातारा होऊन दावणीलाच मेला. दुसरा मी आणला नाय, म्हणलं त्याच्या जागेवर कुणाला बांधायचं… अन् मी डोळं पुसतोय तवर माझा चुलतभाऊ नानासाहेब आपली जोडी घेऊन पुढं! मागच्या पोळ्याला, सारं गाव उभं असताना मला म्हणतो कसा, "दादा, दावणीला बैल नाय त्यानं मागं उभं राहावं. नायतर असं करा, पुढच्या साली तुमचं ते लिंबाखालचं भंगार आणा, अन् घ्या मान." सारे हसले. त्याचे बैलसुद्धा माझ्याकडं बघत निवांत रवंथ करत होते.

मी बोललो नाय. ध्यानात ठेवलं.

आता भंगार म्हणजे काय? माझ्या बापानं आणलेला ट्रॅक्टर. गावातला पहिला. तो आला तेव्हा हाच नानासाहेब एका हातानं चड्डी सावरत त्याच्यामागं पळायचा, दादा मला बसवा, दादा मला बसवा… अन् बसवायचो की मी त्याला, मडगार्डवर! आता तेच भंगार. बरं, बंद पडून लिंबाखाली उभा होता हे खरं. चाकांत माती, पत्र्याला गंज, सायलेन्सरमध्ये गांधीलमाशा, अन् सीटवर आमची तांबडी कोंबडी खुडूक बसलेली. मी म्हणलं, कोंबडी हलवा, काम सुरू करतो. आशाबाई, म्हणजे आमची मंडळी, पदर खोचून पुढं आली. म्हणली, "पिल्लं निघूस्तवर तिला हात लावायचा नाय. तुमचा राग थांबू शकतो, तिची अंडी थांबत नाय."

बोला. माझा सूड कोंबडीच्या बुडाखाली अडकला.

तरी मी थांबलो नाय. खालून सुरू केलं. कोंबडी वर, मी खाली. नटाला डिझेल लावून भिजत घालायचं, सकाळी पाना लावायचा, नट हलायचा नाय, मी नानासाहेबाचं नाव घ्यायचो, नट हलायचा. खरं सांगतो. एकेक नट त्याच्या नावावर सुटलाय. तारेच्या ब्रशनं गंज घासला, पॉलिश पेपरनं पत्रा घासला, बोटांची सालं गेली. इंजिन खोलून फुलंब्रीहून करून आणलं, बसवलं, हँडल मारलं… अन् एका सकाळी धाडकन सुरू झालं. गांधीलमाशा नळीतून अशा निघाल्या की अख्खी गल्ली घरात. कोंबडी मात्र उठली नाय. नानासाहेब लांबून जाताना म्हणला, "आवाज करतंय व्हय?"

मी बोललो नाय. ध्यानात ठेवलं.

पिल्लं निघाली तेव्हा पोळा तोंडावर. रंगाला बोलावलं गयासला. फुलंब्रीत ट्रकांना रंग देतो, हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. त्यानं ट्रॅक्टर पाहिला, आभाळ पाहिलं, मला म्हणला, "चचा, बारिश का मौसम है. रंग सुकने कू टाइम लगता." मी म्हणलं, मार. "चचा, कच्चा रहेगा." मी म्हणलं, तू मार. मग काय, अंगणात ताडपत्री बांधली अन् त्यानं कॉम्प्रेसर लावला. वाऱ्यानं ताडपत्री उडाली. तुम्हाला सांगतो, ट्रॅक्टर लाल, वाळत घातलेलं माझं धोतर लाल, कुत्रं लाल, म्हैस एका अंगानं लाल! आशाबाई दारात उभी राहून म्हणली, "एवढ्यात एक बैल आला असता." मी ऐकलं नाय असं दाखवलं. मागच्या मडगार्डवर गयासकडून मोठ्या पांढऱ्या अक्षरांत नाव लिहून घेतलं, हौशा.

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाची खांदेमळणी असते. बैलाला असते तर हौशाला का नाय? हळद-लोणी घेतलं अन् बॉनेटला चोळलं. ओल्या रंगावर. गयासनं ते बघितलं असतं तर रडला असता. आशाबाईनंबी हात जोडून आवतण दिलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. ट्रॅक्टरला बरं का. मला तर तिनं लग्नापासून कधी असं बोलावलं नाय.

अन् दुसऱ्या दिवशी निघालो. बॉनेटवर बाशिंग, लायटांना गोंडे, पाठीवर हौशाची जुनी झूल, पुढं घुंगरमाळ. इंजिनचा आवाज असा की डफवाल्यानं डफ खाली ठेवला. नानासाहेब नव्या पांढऱ्या सदऱ्यात आपली जोडी घेऊन तोरणापाशी उभा. त्याचं तोंड पडलं. हेच बघायला मी वर्षभर हातांची सालं काढली होती.

म्हणला, "यंत्राला कुठला मान?"

आता बोलायची वेळ होती. मी सीटवर उभा राहिलो अन् साऱ्या गावाला सांगितलं, याला आवतण गेलंय, याची खांदेमळणी झालीय, याचं नाव हौशा. हा बैलच हाय. बैलाला जे जे लागू ते सारं याला लागू. तात्यासाहेब, गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस, त्यांनी मान हलवली. म्हणले, बद्रीनाथ बोलतोय ते बरोबर. मान हौशाचा.

जिंकलो. तुम्हाला सांगतो, गिअरवर हात ठेवला होता मी.

तर नानासाहेब गोड आवाजात म्हणतो, "मग बंद करा, दादा."

"काय?"

"इंजिन. बैल हाय ना? पोळ्याला बैल कामाला लावत नाय, पाठीवर बसत नाय. उतरा खाली, अन् कासरा धरा."

मी तात्यासाहेबांकडं बघितलं. तात्यासाहेबांनी पुन्हा मान हलवली. त्या म्हाताऱ्याला मान हलवण्यापलीकडं काही येतंय का? अन् बैलांनी ओढावं तर त्यांनाबी सुट्टी. दुसरा ट्रॅक्टर लावावा तर माझ्या तोंडानं सारे ट्रॅक्टर बैल झालेले!

उतरलो. पुढं दोर बांधला, खांद्यावर घेतला, अन् तोरणाखालून पहिला गेलो. मान माझा! मागून चार गडी रेटत होते, अन् वेशीपासून मारुतीपर्यंत चढ हाय हे मला या वयात कळलं, इतकी वर्षं बैल सांगत नव्हते. मागं साऱ्या गावाची जनावरं खोळंबलेली. पुढं कुणी जाईना, मान माझा ना. मधल्या चढावर हौशा मागं सरकायला लागला तेव्हा नानासाहेब धावला, म्हणला भाऊकी हाय, अन् मागच्या मडगार्डला छाती लावली. लावली ती चिकटली. गयास म्हणला होता, कच्चा रहेगा. मारुतीपुढं त्याला सोडवून घेतलं तर नव्या पांढऱ्या सदऱ्यावर लालभडक चौकोन, अन् मधी पांढऱ्यात उलटं, हौशा.

सारे हसले. या वेळी मलाबी हसायचं होतं. दम नव्हता.

घरापर्यंत दोघांनीच आणला. गडी केव्हाच पुरणपोळीला पळाले होते. दारात आशाबाई ताट घेऊन उभी. तिनं ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकावर पाणी घातलं, कुंकू लावलं, निवद उचलला… अन् थांबली. माझ्या खांद्यावरचा दोर बघितला. नानासाहेबाच्या छातीवरचं नाव बघितलं. मग पुरणपोळीचे दोन तुकडे केले. एक माझ्या तोंडात घातला, एक त्याच्या.

मी बोललो नाय. खाल्ला.