चार नंबरचा गजर

बहीण: सिस्टर, फोन ठेवू नका. सात नंबरच्या पलंगावरचे आजोबा आता कसे आहेत?

सिस्टर: ऑक्सिजन लावलाय, ओठांचा रंग परत आलाय. पण मी सहज मागे वळले म्हणून दिसलं हो! तुमच्या कंपनीची स्क्रीन हूं नाही की चूं नाही.

बहीण: त्याआधी कुठलं बटण दाबलं होतं?

सिस्टर: चार नंबरचं. तिथल्या पेशंटच्या बोटाची ऑक्सिजन मोजायची क्लिप निसटली होती, उगाच ठणाणा चालला होता. मी फक्त चारचा गजर थांबवला. शप्पथ.

बहीण: तुमचं काही चुकलं नाही. थांबा जरा... दादा, इकडे ये. आत्ता!

दादा: अगं, मीटिंग चालू आहे माझी.

बहीण: मरू दे मीटिंग. हा कोड बघ. अख्ख्या वॉर्डची स्क्रीन पॅरेंट, प्रत्येक पलंगाचा चौकोन तिचा चाइल्ड. बटण दाबल्यावर चाइल्डनं पॅरेंटची गजर बंद करायची मेथड कॉल केलीये. पण आपल्या पलंगाचा नंबरच दिला नाही.

दादा: नंबर नसला तर पॅरेंट...

बहीण: सगळ्यांचे गजर बंद करतं. केले.

दादा: ...ही ओळ मीच लिहिली. हे बघ, नंबर घाल, नवं व्हर्जन चढव. कुणाला पत्ताही लागणार नाही.

बहीण: दादा, फोन स्पीकरवर आहे.

(दादा खुर्चीत बसतो.)

बहीण: बाकीच्या हॉस्पिटलांतही हीच स्क्रीन लागलीये. आधी त्यांना कळवायचं. दुरुस्ती मग.

दादा: सगळे हाकलून देतील आपल्याला. कंपनी बसेल.

बहीण: बसू दे. तू फोन करतोस, की मी करू?

दादा: ...तू कोडला लाग. मी करतो.

सिस्टर: ताई, आम्ही इकडे काय करायचं?

बहीण: स्क्रीनवर भरवसा ठेवू नका. मी सांगेपर्यंत प्रत्येक पलंगापाशी माणूस हवा.

सिस्टर: आम्ही दोघीच आहोत हो ड्यूटीवर.

बहीण: मग?

सिस्टर: नातेवाइकांना आत घेते. मोठ्या डॉक्टरांची बोलणी खाईन नंतर. तुम्ही तुमचं उरका.

बहीण: आणि सात नंबर?

सिस्टर: त्यांचं कुणी येत नाही. त्यांच्यापाशी मी बसते.