स्टार्टरातल्या मुंग्या

मी चकलांब्याचा, मेंढरावाल्याच्या घरातला. बाप लौकर गेला, मग थोरला भाऊ, आमचा दादा, त्यो मेंढरामागं हिंडला अन् मला नववीपस्तोर शिकवलं, म्हनून मी गावाच्या पान्यावर लागलो. म्हंजी हिरीवरची मोटार चालू करायची अन् गल्लीगल्लीला पानी सोडायचं. सगळी उमर त्यातच गेली बघा.

काय सांगू तुमाला, मोटारीचा तरास न्हाई, तरास त्या मुंग्यांचा. मोटार चालू करायचं स्टार्टरचं खोकं हाय ना, त्यात शिरत्यात. तितं ना साखर ना पीठ, कावून जात्यात देव जाने. आत पट्ट्या असत्यात, त्यात चिरडून मरत्यात, एक मेली का तिच्यामागं धा येत्यात, थर साचतो, पट्ट्या एकमेकींला टेकत न्हाईत, मग बटन दाबलं तरी मोटार उठत न्हाई. डांबरगोळ्या ठिवल्या, लाइट बंद करून रोज फडकं मारायचो, तरी येयाच्याच.

तर दादाच्या पोरीच्या, सवीच्या लग्नाआदी आमची दोघा भावांची बांधावरून जुंपली. माझं त्वांड लई वंगाळ, रागात म्हनून गेलो, पान्यावाचून तडफडशील. चार मानसांनी ऐकलं. अन् लग्नाच्याच दिशी, परळीचं वऱ्हाड दारात, मोटार उठंना. आदल्या सांजंला खोकं पुसलंतं, म्हनून ते उघडलंच न्हाई, मोटार जळली समजून मिस्त्री आनाया गेवराईला पळालो. चूक माझीच. मिस्त्रीनं आल्या आल्या खोकं उघडलं, आत मुंग्यांचा काळा थर. तवर दुपार टळलीती, पाव्हन्यांना हात धुवायला पानी न्हाई, दादानं टँकर आनून कसंबसं निभावलं. समद्यांना वाटलं, मीच मुद्दाम पानी तोडलं.

मी त्या मुंग्या फडक्यात बांधून त्येच्याकडं न्हेल्या. म्हनलं दादा, बघ, हे झालतं. त्येनं बघितलंच न्हाई. म्हनला, उन्हातान्हात हिंडून तुला शिकवलं, अन् तू मला मुंग्या दावतो व्हय बे. त्येचा हात कधी मोटारीला लागला न्हवता, त्येला कसं पटावं. सा वरसं बोलला न्हाई. मीबी हट्टी, दुसऱ्यांदा गेलोच न्हाई. जायला पायजे व्हतं, लई वाटतं आता. गेल्या साली दादा गेला. तिरडीला खांदा दिला तेवढीच काय ती जवळीक.

माझे गुडघे गेले, मी काम सोडलं, आता त्येचाच पोरगा, रामा, पान्यावर लागलाय. परवा सकाळी आला अन् उंबऱ्यातच बसला. म्हनला काका, मोटार उठंना म्हनून खोकं उघडलं, तर मुंग्याच मुंग्या. अन् रडायला लागला. म्हनला, आमी समदे तुमाला लबाड म्हनत व्हतो. म्हनलं रडू नको लेकरा, च्या पी. त्येनं तितूनच सवीला फोन लावून सांगितलं, तीबी रडली. समद्यांना पटलं, देव त्येंचं बरं करो. पन ज्येला पटायला पायजे व्हतं, त्येला आता कुटून बोलवू?